कौशल्याचा खेळ आहे, मान्य. पुढे बोला!

मोठी पोस्ट आहे. ज्यांच्या घरात विशी-पंचविशीचा पोरगा आहे आणि रात्री एक वाजेपर्यंत त्याच्या खोलीतला मोबाईल सुरू असतो, त्यांनी तरी पूर्ण वाचावी.

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आल्यापासून आपल्या बल्लारपुरात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, बरं झालं, पोरं वाचली. दुसरा म्हणतो, रमी आणि पोकर हे डोक्याचे खेळ आहेत, त्यांना मटक्याच्या रांगेत बसवणं हा अन्याय आहे. परवा एका ग्रुपवर यावरून रात्रभर वाद झाला. शेवटी गाडी नेहमीप्रमाणे नगरपरिषदेच्या राजकारणावर गेली आणि मूळ मुद्दा तिथंच राहिला. मला दोन्ही पक्षांशी थोडं थोडं भांडायचं आहे.

मी गणिताच्या शिकवण्या घेतो हे बहुतेकांना माहीत आहे. पोकर मी खेळलेलो आहे हे फार थोड्यांना माहीत असेल. बंदीच्या आधी, दोन-अडीच वर्षं, महिन्याची रक्कम ठरवून, रविवारच्या रात्री. संभाव्यता शिकवणाऱ्या माणसाला या खेळाचं कुतूहल वाटणारच. म्हणून सांगतो, पोकरमध्ये कौशल्य आहे. भरपूर आहे. जे 'सगळा नशिबाचा खेळ' म्हणतात त्यांनी तो खेळलेला नाही. पण हे कौशल्य नेमकं कशात असतं, ते कळायचं असेल तर टूर्नामेंटमधला 'बबल' समजून घ्यावा लागेल.

टूर्नामेंट अशी असते. सगळे सारखी एन्ट्री भरतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. प्रत्येकाला दोन पत्ते हातात, पाच पत्ते मध्ये उघडे, सर्वांचे. चिप्स संपल्या की माणूस बाहेर. दर काही मिनिटांनी प्रत्येक डावात सक्तीनं लावायची रक्कम वाढते, तिला ब्लाइंड म्हणतात. त्यामुळे नुसतं बसून राहता येत नाही, चिप्स झिजत जातात. बक्षीस फक्त वरच्या दहा-पंधरा टक्के लोकांना. समजा १२० जणांना पैसे मिळणार आहेत आणि १२१ जण उरले आहेत, तर तो क्षण म्हणजे बबल. आता जो बाहेर पडेल तो तासन्‌तास खेळून रिकाम्या हातानं जाईल. त्याच्यानंतर बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही मिळेल.

हा प्रकार आजचा नाही. २००३ मध्ये लास वेगासच्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धा ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटनं जिंकली. आडनाव खरंच मनीमेकर. इंटरनेटवरच्या एका छोट्या स्पर्धेतून तो तिथे पोचला होता आणि २५ लाख डॉलर घेऊन परतला. जगभरातल्या पोरांना ऑनलाइन पोकरचं वेड लागलं ते तिथून. जाहिरातीत मनीमेकर दिसतो. त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते आणि पैसे ६३ जणांना मिळाले, हे जाहिरातीत दिसत नाही. बाकीचे ७७६ तसेच घरी गेले.

आता माझ्या एका रविवारचा हिशोब सांगतो. २०२४ चा पावसाळा. एन्ट्री ५५० रुपये. त्यातले ५०० बक्षिसाच्या रकमेत, ५० अ‍ॅपची फी. ८०० एन्ट्री झाल्या, म्हणजे ४ लाखांची बक्षिसं. पहिल्याला ७२ हजार, आणि सगळ्यात खालचं बक्षीस ९५० रुपये. पैसे १२० जणांना. प्रत्येकाला सुरुवातीला १० हजार चिप्स, म्हणजे खेळात एकूण ८० लाख चिप्स.

साडेबाराच्या सुमारास १२१ जण उरलो. स्क्रीनवर पाटी आली की आता सगळ्या टेबलांवर एकेक डाव सोबतच होईल. आपला डाव संपला तरी बाकीच्या टेबलांचा होईपर्यंत थांबायचं. हे करावं लागतं, कारण नाहीतर लोक मुद्दाम घड्याळ संपेपर्यंत विचार करत बसतात, की तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरचा कुणी मरावा. आधीची वीस मिनिटं आमच्या टेबलावर हेच सुरू होतं. दोन पत्ते टाकायला माणसं तीस-तीस सेकंद घेत होती. रेशनच्या रांगेत शेवटची दोन पोती उरल्यावर जशी शांतता पसरते, तशी शांतता टेबलावर होती.

माझ्याजवळ साधारण ३६ हजार चिप्स होत्या. सरासरी ६६ हजारांची, म्हणजे मी निम्म्यावर. माझ्या उजव्या हाताला बसलेल्याकडे दोन लाखांच्या वर. ब्लाइंड १,५०० आणि ३,००० चे. तो गडी गेले सात-आठ डाव संधी मिळाली की न बघता सगळ्या चिप्स पुढे ढकलत होता. प्रत्येक वेळी त्याला चांगले पत्ते येणं शक्यच नाही. तो काय करतोय ते टेबलावरच्या प्रत्येकाला कळत होतं, आणि तरी प्रत्येक जण पत्ते टाकत होता.

मग डाव असा आला की सगळ्यांनी पत्ते टाकले आणि उरलो तो आणि मी. माझे ३,००० आधीच लागलेले. त्यानं ऑल-इन केलं. माझ्या हातात तिर्रीची जोडी, एक इस्पिक, एक बदाम.

इथं गणित सुरू होतं. मला आणखी ३३ हजार घालावे लागणार होते आणि जिंकलो तर मधे ७५ हजार होणार होते. ३३ भागिले ७५ म्हणजे ४४ टक्के. शंभरात ४४ वेळा जिंकण्याइतके पत्ते असले की चिप्सच्या हिशोबानं डाव लावणं फायद्याचं. समोरचा कुठलेही दोन पत्ते घेऊन ढकलत असेल, तर तिर्रीची जोडी शंभरात ५३-५४ वेळा जिंकते. म्हणजे लावायलाच हवं. माझ्या क्लासमधला अकरावीचा पोरगाही हेच सांगेल.

पण चिप्स म्हणजे पैसे नाहीत. बबलचं सगळं मर्म इथं आहे. हातात ३३ हजार चिप्स ठेवून मी गप्प बसलो, तर ९५० रुपये जवळपास पक्के, वर थोडी पुढे जाण्याची आशा. त्या आशेची किंमत उरलेल्या बक्षिसांच्या आणि माझ्या चिप्सच्या प्रमाणात धरली, तर माझ्या बसण्याची किंमत सुमारे २,०९० रुपये येते. लावून जिंकलो, चिप्स दुपटीहून जास्त झाल्या, तर किंमत होते ३,६३० च्या आसपास. दुप्पट होत नाही. आणि हरलो तर शून्य. म्हणजे पैशांच्या हिशोबात मला ४४ नव्हे, शंभरात जवळजवळ ५८ वेळा जिंकायला हवं. माझ्या जोडीत तेवढा दम नव्हता. या हिशोबाला पोकरवाले 'आयसीएम' म्हणतात. त्याची सॉफ्टवेअरं मिळतात, मी इथं कागदावरचा ढोबळ आकडा दिला आहे.

मी पत्ते टाकले. आणखी तीन डावांनी दुसऱ्या कुठल्यातरी टेबलावर एकाचा राजाची जोडी घेऊन घात झाला. समोरच्याकडे एक्के निघाले. तो १२१ वा. त्यानं चुकीचं काहीच केलं नव्हतं. थोड्या वेळानं मी १०३ नंबरवर बाहेर पडलो. खात्यात ९५० जमा झाले.

आता ज्याच्यासाठी एवढं पुराण लावलं ते सांगतो. त्या दोन लाखवाल्यानं माझे ३,००० आणि टेबलावरच्या प्रत्येकाचे थोडे थोडे खाल्ले, ते चांगल्या पत्त्यांवर नाही. तो हरला असता तर त्याच्याजवळ पावणेदोन लाख उरले असते आणि तो तसाच बसून राहिला असता. मी हरलो असतो तर घरी. हा फरक त्याला ठाऊक होता, मलाही ठाऊक होता, आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. त्याचं कौशल्य म्हणजे हा फरक ओळखणं आणि तो न लाजता वापरणं. माझं कौशल्य म्हणजे निमूट पत्ते टाकणं. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच खेळलं. बरोबर खेळून त्याच्या चिप्स वाढल्या आणि माझ्या कमी झाल्या.

राजुरा-कोरपन्याचा कापूस उत्पादक हे पोकर न शिकता जाणतो. दिवाळीच्या तोंडावर भाव पडलेला असतो, पुढे चढेल असं त्यालाही वाटतं, पण कृषी केंद्राची उधारी आणि मुलीची फी थांबत नाही. व्यापारी थांबू शकतो. म्हणून त्या दिवसाचा भाव व्यापारी ठरवतो. यात शेतकऱ्याला शेतीतलं कळत नाही असं कोण म्हणेल?

तर 'कौशल्याचा खेळ' म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हा आहे. कौशल्य आहे म्हणजे काय? कुस्तीतही कौशल्य आहे. म्हणून तालमीतला पहिलवान आणि दहावीचा पोरगा यांची पैसे लावून कुस्ती लावायची का? खेळ जितका कौशल्याचा, तितका नवख्याचा पैसा जाणत्याकडे जाण्याचा वेग जास्त. मटक्यात निदान सगळे सारखेच अडाणी असतात. आकडा कुणाचाही लागतो. कोर्टात जी गोष्ट बचाव म्हणून मांडली जाते, ती आपल्या पोरांच्या बाजूनं पाहिली तर आरोप आहे.

दुसरं म्हणजे पैसा जाणत्याकडे जायच्या आधी वाटेत किती गळतो ते बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन गेममध्ये भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. ५५० रुपये खेळायला मिळावेत म्हणून खिशातून ७०४ जायचे. काही अ‍ॅप तेवढाच बोनस देऊन ही झळ झाकत असत, ते सोडा. आमच्या त्या रविवारचा हिशोब मांडू. ८०० जणांचे ७०४ म्हणजे ५ लाख ६३ हजार २००. सरकारकडे गेले १ लाख २३ हजार २००. अ‍ॅपकडे ४० हजार. खेळणाऱ्यांत वाटायला उरले ४ लाख. म्हणजे रुपयातले ७१ पैसे. सगळे खेळाडू मिळून एका रुपयाचे ७१ पैसे परत घेणार, तेही वरच्या १२० जणांत. आणि जो जिंकेल त्याच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर एप्रिल २०२३ पासून ३० टक्के टीडीएस.

माझंच बघा. गेले ७०४, आले ९५०. साडेचार तास डोकं पिळून, बबल पार करून, आठशेपैकी १०३ वा येऊन वर उरलेल्या पैशांत दोन घरचे लोक जेवायला बाहेर जाऊ शकत नाहीत. आणि हा जिंकलेला दिवस होता.

अशा खेळात दीर्घकाळ फायद्यात राहणारे लोक आहेत. मी असे दोघे-तिघे पाहिले, आकडेमोडीत माझ्या चार पावलं पुढे. पण ते फायद्यात असतात याचा अर्थ साधा आहे. २९ पैशांची गळती भरून काढून वर त्यांचा नफा निघेल एवढा तोटा दुसरा कुणीतरी सोसत असतो. तो कुणीतरी कुठं राहतो? जाहिरात तर त्याला 'तू पण चॅम्पियन' म्हणत असते.

आता कायद्याचं थोडं. पैसे लावून खेळायचे पत्ते आपल्याकडे नवे नाहीत. पोळा आला की गावोगाव पत्ते बसतात, आणि जंगलपट्ट्यात कोंबडबाजार अजून भरतो, तिथं कोंबड्याच्या पायाला काती बांधून लाखोंची बोली लागते. पोलीस धाडी टाकतात ते १८८७ च्या जुगार कायद्याखाली. त्या कायद्यात सुरुवातीपासून एक कलम आहे की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. सगळी भांडणं या कलमाभोवती झाली. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ ठरवला, कारण कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवावं लागतं, काय उचलायचं, काय टाकायचं याचा विचार करावा लागतो. रमीच्या प्रत्येक अ‍ॅपनं हा निकाल ढालीसारखा वापरला. त्याच निकालात पुढे एक वाक्य आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. कोर्ट म्हणतं की पैसे लावून चालणाऱ्या खेळातून क्लबचा किंवा जागेचा मालक नफा कमवत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे १९६८ मध्येच कोर्टाची नजर पत्त्यांवरून उठून गल्ल्यावर गेली होती. पोकरबद्दल तर कोर्टांचंही एकमत झालं नाही. गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये तो कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला.

२०२५ च्या कायद्यानं हा वादच बाजूला ठेवला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, आणि २२ ला, आपल्याकडे पोळा होता त्याच दिवशी, राष्ट्रपतींची सही. कौशल्य असो, नशीब असो, दोन्हींचं मिश्रण असो, पैसे लावून ऑनलाइन खेळवायचं नाही. खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मोठ्या कंपन्यांनी कायदा अंमलात यायची वाटही न पाहता पैशांची टेबलं बंद केली. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून प्रायोजकाचं नाव गेलं. कायद्याला आव्हान मिळालं आणि ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या याचिका स्वतःकडे घेतल्या. दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून, फारशी चर्चा न होता असा कायदा जावा, हे मला आवडलेलं नाही. पण कौशल्याची ढाल काढून घेतली हे मला पटलं.

इथपर्यंत बंदीवाले माझ्यावर खूश असतील. आता त्यांच्याकडे वळतो.

चंद्रपूर जिल्ह्याला बंदी शिकवायची गरज नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्याकडे श्रमिक एल्गारच्या बायकांनी, पारोमिता गोस्वामींच्या मागे, चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, वर्षानुवर्षं लढल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारू बंद झाली. त्या बायकांचं दुःख खरं होतं, त्याबद्दल मी एक शब्द उणा बोलणार नाही. पण पुढची सहा वर्षं आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. वणीकडून येत होती, तेलंगणाकडून येत होती, दुधाच्या कॅनमधून येत होती. काल-परवापर्यंत बिनकामाची फिरणारी पोरं अचानक नव्या गाड्यांवर दिसू लागली. २०२१ मध्ये बंदी उठली. बंदीनं दारू पिणारा पुष्कळदा सुटला नाही, विकणारा मात्र बदलला. आधीच्या विकणाऱ्याकडे निदान लायसन्स आणि पत्ता होता.

तेच आता मोबाईलवर होतंय. मोठी अ‍ॅप गेली. त्यांच्या जागी आले 'क्लब'. बाहेरदेशी बनवलेलं अ‍ॅप, त्यात दिसायला नुसत्या खेळण्यातल्या चिप्स, पैशाचा कुठं उल्लेख नाही. क्लबमध्ये घ्यायचं की नाही ते एजंट ठरवतो. चिप्स एजंट देतो, पैसे यूपीआयनं किंवा हातोहात, हिशोब दर सोमवारी. त्याची जाहिरात एका ओळीची आहे: जीएसटी नाही, टीडीएस नाही. वरच्या माझ्या ७१ पैशांच्या हिशोबात बसवून बघितलं तर खोटंही नाही. सरकारचा वाटा गेला. पण त्या जागी एक अशी गोष्ट आली जी जुन्या अ‍ॅपमध्ये कधीच नव्हती. उधारी.

मोठ्या अ‍ॅपवर खात्यात पैसे नसले की खेळ थांबायचा. पोरगं कितीही चिडलं तरी ५५० भरल्याशिवाय टेबल उघडत नव्हतं. क्लबमध्ये एजंट म्हणतो, खेळ ना भाऊ, सोमवारी बघू.

काही दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी रात्री क्लास सुटल्यावर आला. कंत्राटी कामगार आहे, महिन्याला तेरा-साडेतेरा हजार हातात पडतात. हुशार होता, अजूनही आहे. दारात उभा राहून म्हणाला, "सर, एक विचारू का? बबलवर शॉर्ट स्टॅक असलो तर कसं खेलाव, ते सांगा न मले. तुम्ही खेलत होते म्हणते सारे."

मी त्याला बसवलं. चहा सांगितला. मग विचारलं, "आधी हे सांग, कुणाचं किती देणं आहे?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग मोबाईल माझ्यापुढे सरकवला. आम्ही दोघांनी बसून पाच महिन्यांचं यूपीआय स्टेटमेंट कागदावर उतरवलं. एजंटला गेलेले ५२ हजार ३००. एजंटकडून आलेले १७ हजार ५००. आणि यात न दिसणारी, वहीतली उधारी ३८ हजार. सगळं मिळून ७२ हजार ८००. साडेपाच महिन्यांचा पगार. त्याला स्वतःला 'वीस-बावीस हजार असतील' असं वाटत होतं. तो खोटं बोलत नव्हता. जिंकलेले दिवस लक्षात राहतात, बस.

"मोठी टूर्नामेंट आहे सर रविवारी. एजंट म्हणते एन्ट्री मी भरतो, तू खेलून फेड. फक्त बबल पार झाला न, तर अर्ध फिटते."

मी जे आकडे तुम्हाला वर सांगितले तेच त्याला काढून दाखवले. तिर्रीची जोडी, ४४ आणि ५८. त्याला लगेच कळलं, मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मग मी विचारलं, "आता सांग, तू आणि एजंट, यात दोन लाखवाला कोण आणि छत्तीस हजारवाला कोण?"

तो हसला. "मले तं बबल पार झाला तरी पत्ते टाकतच बसा लागते सर."

पोरगं हुशार आहे म्हटलं ना!

एजंटला घाई नाही. तो या सोमवारी मागेल, पुढच्या सोमवारी मागेल, पुन्हा एन्ट्री भरून देईल. त्या एन्ट्रीतून क्लबची कटाई निघते आणि त्यात त्याचा वाटा असतो. पोरगं जिंकलं तर उधारी वळती, हरलं तर उधारी वाढती, दोन्हीकडून टेबल भरलेलं. हा गावातलाच माणूस आहे, बाहेरचा कुणी सायबर चोर नाही. लग्नात जेवायला आपल्या पंगतीत बसतो.

म्हणून ज्या तीन गोष्टी मी त्या रात्री त्याला सांगितल्या त्या इथं सगळ्यांसाठी लिहितो, कारण त्याच्यासारखे आणखी आहेत हे मला पक्कं माहीत आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल असतो. जुगाराची उधारी कुठल्याही कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही. एजंटच्या वहीला कायद्यात किंमत नाही. म्हणूनच तो कोर्टाची नाही, 'बापाला सांगतो'ची धमकी देतो. शिवाय नव्या कायद्यात चिप्स, कॉइन, क्रेडिट, पैशात बदलता येईल असं काहीही 'पैसे लावणं' यातच धरलं आहे, त्यामुळे 'अ‍ॅपमध्ये तर नुसत्या चिप्स आहेत' ही पळवाट नाही. आणि त्या कायद्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. धमकी आली तर स्क्रीनशॉट काढा, पोलीस स्टेशनला जा, १९३० वर फोन करा. घाबरायचं त्यानं आहे.

बापाला सांगण्याबद्दल: त्या पोरानं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच सांगितलं. बापानं दोन दिवस तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघं सोबत माझ्याकडे आले, कागद मागायला. मधल्या रविवारची टूर्नामेंट तो खेळला नाही. एजंटचे फोन सुरूच आहेत. प्रकरण मिटलेलं नाही, मिटलं असं मी म्हणणार नाही.

पोलिसांना माझी विनंती आहे. पोळ्याला झाडाखाली तीनशे-चारशे रुपये लावून बसलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो पेपरात येतात, जप्त मुद्देमाल म्हणून पत्त्यांच्या कॅटसकट. या वर्षी एखादा फोटो सोमवारच्या हिशोबाच्या वहीचा येऊ द्या. वह्या कुठं आहेत ते वस्तीपासून टेकडीपर्यंत निम्म्या पोरांना ठाऊक आहे. आणि लोकप्रतिनिधींना: बंदी आणली, अभिनंदन. आता ज्यांचे पैसे आधीच बुडाले त्यांनी कुणाशी बोलायचं? दारू सोडवणारी केंद्रं तरी आहेत. या व्यसनासाठी जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, एक खोली, एक समुपदेशक एवढं मागणं जास्त आहे का?

येत्या रविवारी सकाळी ९ ते ११ माझा क्लास रिकामा असतो. ज्याला आपला खरा आकडा काढायचा आहे त्यानं बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि एक पेन्सिल घेऊन यावं. नाव विचारणार नाही, उपदेश करणार नाही, फी नाही. बेरीज-वजाबाकी तेवढी सोबत करू. आई-बाप आले तरी चालतील, पण पोराला विचारून या.

एजंट मंडळी ही पोस्ट वाचतायत हे मला ठाऊक आहे, दोघं तर माझ्या फ्रेंडलिस्टमध्येच आहेत. इनबॉक्समध्ये शिव्या देण्यापेक्षा खाली कमेंटमध्ये लिहा, माझा कुठला आकडा चुकला ते. दुरुस्त करीन.